मोटार पाणी धरीना

आमची विहीर सामाईक आहे. एक दिवस आमचा, एक दिवस मोठ्या दिरांचा. मोटारही एकच. आणि बांधावरचा लिंब न विचारता तोडला म्हणून माझे यजमान आणि मोठे दीर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दिवाळी झाल्यावर मोटार पाणी ओढेनाशी झाली. हळदीची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली होती. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. तो गळला की पाइप रिकामा होतो आणि मोटार नुसती फिरते. दोघा भावांनी एक शब्द न बोलता पाइप वर ओढला, फुटबॉलात अडकलेला पालापाचोळा काढला, आणि पाइप पुन्हा जोडला.

मग यजमान वर स्टार्टरपाशी, दीर विहिरीतल्या कट्ट्यावर मोटारीपाशी, आणि मी मधल्या पायऱ्यांवर कळशी घेऊन. मोटारीत पाणी भरायचं काम माझं. निरोप पोचवायचंही माझंच.

पाणी भरलं. ते खाली गेलं नाही, म्हणजे फुटबॉल ठीक होता. मोटार चालू केली. तिनं एक गुळणी टाकली आणि पुन्हा कोरडी घुमायला लागली.

दीर म्हणाले, "त्याला सांग, मोटार उलटी फिरून राहिली."

यजमानांना ते स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्यांना सांग, बराबर फिरून राहिली."

तरी फिरायची दिशा बदलायला वायर बदलून पाहिली. काही फरक पडला नाही, परत होती तशी लावली. मग दिरांनी मोटारीच्या दांड्यापाशी गळतं तिथली दोरी इतकी आवळली की दांडा तापून वास यायला लागला. ती ढिली केली. दर खेपेला मी कळशी भरून ओतत होते. कंबर मोडून गेली होती.

मोटार चालू झाली की पाइपाच्या जोडापाशी बारीक सूं आवाज यायचा. मी म्हणाले, "भाऊ, तिथून हवा घेते वाटतं."

"तू पाणी भर."

वर जाऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताच तर मी नवं रबर घातलं तिथं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि कपारीतला ओला चिखल ओंजळीनं काढून त्या जोडावर चांगला थापला. दीर बघतच राहिले. मी स्वतःच पाणी भरलं, बूच लावलं आणि वर ओरडले, "करा चालू."

पाइप थरथरला आणि पाणी धो धो निघालं.

मोटार बंद करून दिरांनी जोड खोलला. आत रबर एका बाजूला दुमडलेलं होतं. ते हातात धरून ते पहिल्यांदा थेट वर बघत बोलले, "डोळे फुटले व्हते काय तुझे? हे असं घालतेत व्हय?"

"मी सरळच घातलं व्हतं. बोल्ट तुमी आवळले, दादा."

"मी काहून वाकडं करीन?"

दोघं विहिरीतून वर, वरून विहिरीत भांडत राहिले. इतक्या वर्षांनी बोलत होते, पण मला आनंद मानायचंही त्राण नव्हतं. मी म्हणाले, "आधी रबर घाला. लाईट जाईल."

रबर घातलं. लाईट जायच्या आत निम्मी हळद भिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. मोठे दीर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा निरोप. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आत डोकावून म्हणाले, "चल रे, डीपीवरचा फ्यूज गेला."

यजमान चहा तसाच ठेवून त्यांच्या मागं निघून गेले.