चावी वैशालीकडे

असल्या गोष्टी साठत जातात, कारण त्या सांगायची सोय नसते. टेक्सासमधल्या प्लेनोत, मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणात ताट हातात घेऊन, "काकू, आमच्या ग्रुपमध्ये काय झालं माहितीये?" अशी सुरुवात तरी कशी करणार? म्हणून इथे बोलते.

आम्ही तिघं. मी, इथल्या माझ्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीममधला समीर आणि त्याची बायको वैशाली. ती प्रोजेक्टमुळे ओहायोत, डब्लिनला. दोघं भेटायचे एका व्हर्च्युअल जगात, मी तिथे बांधलेल्या खोलीत. खेळ बांधून ठेवण्याचा, दोघांच्या राजीखुशीचा. एकाने गळ्यात पट्टा घालायचा, चावी दुसऱ्याला द्यायची. मग त्या जगात शिरायचं खास सॉफ्टवेअर खरंच अडवतं. खुर्चीवरून उठता येत नाही, दुसरीकडे टेलिपोर्ट होता येत नाही. "बस", म्हणजे पुरे, असं टाइप केलं की सगळं सुटतं, आणि त्याबद्दल कुणी जाब विचारायचा नाही.

पहिल्याच दिवशी समीरने मला ऑफिसच्या पद्धतीने बग रिपोर्ट पाठवला. 'स्टँड अप बटण चालत नाही. सिव्हिअरिटी हाय.'

मी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, तेच तर फीचर आहे!"

एकदा पट्टा वैशालीच्या गळ्यात होता. समीरला आईचा फोन आला आणि हा न सांगता उठून गेला. वैशालीने शांतपणे "बस" टाइप केलं आणि सुटली. तो परतल्यावर म्हणाली, "चावी घेतलीस ना? मग जागा सोडायची नाही." त्या दिवशी तो मनापासून ओशाळला.

खरं दुखणं वेगळंच होतं. तिचं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि तिला कायमचं नागपूरला परतायचं होतं. तू येणार की नाही, एवढंच ती विचारायची. हा फोनवर दरवेळी "मीटिंग आहे यार" म्हणून काढता पाय घ्यायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा.

मग डब्लिनला बर्फाचं वादळ आलं. पट्टा समीरच्या गळ्यात, आणि वैशाली अचानक ऑफलाइन. फोनही लागेना. मी म्हटलं, "'बस' टाइप कर, सुटशील."

"मला माहितीये," तो म्हणाला. "पण ती येईल तेव्हा मी इथेच दिसायला हवा." संध्याकाळपर्यंत तो फोन लावत राहिला आणि स्क्रीनवरचा त्याचा बाहुला खुर्चीवर तसाच बसून. तिची वीज आली तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

"अजून बसलायस?" तिने विचारलं.

"चावी तुझ्याकडे आहे."

पुढच्या शनिवारी दुपारी तिने आल्या आल्या त्याचा पट्टा काढला. पट्टा असताना घरचं बोलायचं नाही, हा तिचाच नियम. मी त्या खोलीतून निघत होते, तर म्हणाली, "थांबा ताई. तुमच्यासमोर तरी तो पळायला लाजेल."

मग तिने लिहिलं, "समीर, मी तिकीट काढतेय. एक की दोन?"

त्याचा बाहुला उठून उभा राहिला. पट्टा नसल्याने आता टेलिपोर्टचं बटण चालू होतं. हा जाणार, असंच मला वाटलं. माझा जीव टांगणीला.

स्क्रीनवर ओळ उमटली. समीरने पट्टा घातला. चावी वैशालीला दिली.

तो खुर्चीवर बसला आणि तिचा नियम मोडून त्याने टाइप केलं, "आता पळता येणार नाही. विचार."