खांद्यावरची पांढरी साडी

चौदा एप्रिलला नेसायच्या नव्या पांढऱ्या साडीची घडी मोडली, की खळीचा वास येतो आणि मी लहानपणीच्या, हिंदमाता मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानात पोचते. आई आरशासमोर तशीच साडी खांद्यावर टाकून बघत होती. शेजारी उभ्या बाई म्हणाल्या, "अहो, किती शोभते तुम्हाला!"

"बाई, मी शांता. सकाळी तुमचीच भांडी घासून आले."

"अगं, तू होय! ओळखलंच नाही."

इतकी वर्षं रोज त्यांच्या मोरीत दिसणारा चेहरा! मी लाजून आईचा पदर ओढला. आज ओढला नसता.

आई आरशातूनच म्हणाली, "चेहरा नसेल राहत लक्षात, तर राहू दे. पण मगाशी 'अहो' म्हणालात ना, ते उद्यापासून घरीही म्हणायचं."