अंगाबरोबरचा फ्रॉक

पूर्णेतल्या माझ्या कपड्यांच्या दुकानात ती वर्षातून एकदाच यायची, दिवाळीआधी, लेकीला घेऊन. फ्रॉक हातात घेतला की आधी उलटा करायची, शिवण ओढून बघायची, आतली दुमड पुरेशी आहे का ते चाचपायची. लेकीची नजर मात्र टिकल्यांच्या जाळीदार फ्रॉकवर.

"दोन धुण्यांत चिंध्या व्हत्यात त्याच्या," असं म्हणून ती वाढत्या अंगाचा सुती फ्रॉक घ्यायची. दुमड उसवत उसवत तो लेक दोन-तीन वर्षं वापरायची, मग भाची. तिच्यामुळे माझा गल्ला कधी भरला नाही, पण अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

यंदा ती एकटीच आली. मी सुती फ्रॉकचा गठ्ठा काढला.

"ते ऱ्हाऊ द्या ताई. टिकल्यांचा दाखवा. अंगाबरोबर."

"शेवटी लेकीपुढं हरलात म्हणायचं," मी हसले.

"नांदेडच्या डाक्टरनं तिला घरी न्यायला सांगितलं. आता इलाज न्हाई म्हणला."

मी फ्रॉक काढला. सवयीनं रोजचंच बोलून गेले, "याच्या रंगाची गॅरंटी नाही हं."

"असू द्या," ती म्हणाली. "लवकर बांधा. वाट बघायलीय ती."