कुठपर्यंत पुरेल

शेजारचे सुभेदार ताटातलं अन्न अंतरात मोजत. "चहा-बिस्कीट चार भिंतींच्या टेकडीपर्यंत, वहिनी. भाकरी-पिठलं अजिंक्यताऱ्याच्या दरवाजापर्यंत. खिशात शेंगदाणे असले तर परतीचीबी सोय." सुट्टीत तुम्हां नातवंडांना किल्ल्यावर नेताना ते आधी विचारत, काय खाल्लं? "नुसतं चॉकलेट? मग पहिल्या वळणावर खांद्यावर घ्यावं लागंल, गड्या."

माणूस पाटणकडचा, उमेदीची वर्षं सैन्यात, बर्फात काढलेला. साखर उसाच्या पाचटासारखी भसकन जळते, भाकरी बाभळीच्या ओंडक्यासारखी सावकाश, आणि तूप-तेल म्हणजे पुढच्यासाठी रचून ठेवलेलं सरपण, हे तुम्हांला त्यांनीच शिकवलं. तुम्ही आत गेल्यावर मला म्हणाले, "सगळं सरलं की शरीर सोताचं मांस जाळतं. बघितलंय मी."

मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी घरातली साखर, गूळ, काकवी, सगळं वाटून टाकलं. "शत्रूला दारूगोळा पुरवायचा न्हाई." रोज बोटाला सुई टोचून यंत्रावर आकडा बघायचा. तो उतरला की त्यांची बायको, तुमची अक्काआजी, कुंपणावरून मला सांगायची, "वैनी, शुगर कमी आली." आमच्याकडे हे आनंदाचं बोलणं होतं.

गेल्या संकष्टीला सुभेदारांनी कडक उपवास धरला, पण शिस्तीप्रमाणे शुगरची गोळी घेतली. दुपारी घाम फुटला, जीभ जड झाली. अक्कानं सुई टोचली. एवढा लहान आकडा तिनं कधी पाहिला नव्हता. ती हरखली. "आवं, आज लय कमी आली. देव पावला. पडा जरा." तिनं त्यांना पांघरूण घातलं.

चहाच्या वेळी ती हीच बातमी सांगायला माझ्याकडे आली. मी साखरेचा डबा घेऊन धावले. सुभेदारांचे दात घट्ट मिटलेले होते. दवाखान्यात शिरेतून साखर दिली, श्वास सावरला. पण बाकीचं शरीर चरबीवर तग धरतं, मेंदूला तसं जमत नाही. त्याच्यापाशी शिल्लक अशी नसतेच.

म्हणून सुभेदार तुमच्या व्हिडिओ कॉलवर येत नाहीत. तुम्ही विचारलंत, तेव्हा लपवत नाही. डोळे उघडे असतात, ओळख नाही. अक्का नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडते. काल मी तिथे बसले होते. वाटी रिकामी झाली, तिनं नळीचं तोंड बंद केलं आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"आवं, एवढं कुठपतूर पुरंल?"

आणि उत्तरासाठी थांबली.