कोपऱ्यातला रिकामा चौकोन

सरांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा फोन आला तेव्हा सरांनी काढलेला नव्या पेटीचा नकाशा माझ्यापुढे उघडाच होता. चार दिवस तसाच पडला होता. त्यात मला एक खोट दिसली होती आणि ती सरांना सांगायची कशी, याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. "दत्ता, सर गेले रे सकाळी," बाई म्हणाल्या... मी "हो" म्हणालो आणि नकाशाची गुंडाळी करत बसलो.

मी जतकडचा. आठवीत शाळा सोडली, वेल्डिंग शिकलो आणि एका ठेकेदाराबरोबर चंद्रपूरला आलो, पुढे तिथेच दुकान टाकलं. गाव इतकं लांब की सणालाही जाणं जमत नसे. सर मूळचे गडचिरोलीकडच्या खेड्यातले. कॉलेजात यंत्रं शिकवून निवृत्त झालेले, आणि देशातले निवडक इंजिनिअर ज्या राष्ट्रीय अकादमीत घेतात, तिचे सदस्य. ते माझ्याकडे काम घेऊन येणार म्हटल्यावर शेजारच्या टायरवाल्याने हे सांगितलं आणि मी दुकानातलं एकुलतं स्टूल पुसून ठेवलं. सर ऑटोतून उतरले ते काखेत पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन. अकादमीचं मानपत्र त्या नळीतून आलं होतं. मानपत्र गेलं कपाटात, नळीत मात्र आमच्या कामाचे नकाशे फिरायचे.

पहिलं काम मोहफुलं उन्हात वाळवायच्या पत्र्याच्या पेटीचं. वर काच, आत लाकडी चौकटीचे जाळीदार ट्रे. खोबणीत ट्रेला जागा अगदी काठोकाठ ठेवली होती. ओल्या फुलांनी लाकूड फुगणार आणि ट्रे अडकणार, हे मला दिसत होतं. पण एवढ्या माणसाला आठवीत शाळा सुटलेल्याने काय सांगायचं? नकाशाबरहुकूम पेटी केली. धानोऱ्याकडच्या एका गावात ती मोह वेचणाऱ्या बायांपुढे ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी ट्रे असा बसला की दोघांनी ओढूनही निघेना. आतला मोह आंबला. रैनाबाई म्हणून तिथल्या एक, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेब, तुमची पेटी मोह खाते, वापस नाई देत!" सगळ्यात मोठ्याने सरच हसले.

परतताना जीपमध्ये मात्र त्यांनी विचारलं, "तुले दिसलं होतं ना?"

"हो सर."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुम्ही अकादमीचे..."

"अबे, अकादमी म्हंजे एकमेकायच्या चुका काढनारे म्हातारे! तिथी मले कोनी भेत नाई. तूच एकटा भिऊन राह्यला."

पुढच्या नकाशापासून खाली कोपऱ्यात एक चौकोन येऊ लागला. वर लिहिलेलं, 'दत्ताचं म्हणणं'. तो भरल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. सुरुवातीला मी 'ठीक आहे' असं लिहायचो. सर ते खोडरबराने पुसून कागद परत द्यायचे. हळूहळू लिहायला लागलो. भीती गेली नाही, पण भीतभीत का होईना, बोलायला लागलो. इतक्या वर्षांत माझं म्हणणं कुणी कागदावर मागितलं नव्हतं...

तेरवी झाल्यावर तो शेवटचा नकाशा घेऊन बाईंकडे गेलो. मोह वेचणाऱ्या एकटीला डोक्यावरून नेता येईल अशी छोटी पेटी. पण झाकणाची मूठ उघड्या लोखंडाची. उन्हात हात भाजणार. सरांना सांगायचं राहिलं, असं मी म्हणालो. बाईंनी डोळे पुसले. "मंग लिव ना. तो चौकोन त्यायनं काय शोभेले सोडला?"

त्यांच्यासमोरच लिहिलं. मूठ लाकडी केली आणि पेटी गावात नेली. सर गेल्याचं ऐकून रैनाबाईंनी स्वतःच पेटीत ओला मोह भरला. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं, ट्रे सरसर ओढला, वाळलेली फुलं मुठीत घेऊन वाजवून पाहिली. "हे पेटी वापस देते," म्हणाल्या. "साहेब पाह्यजे होते."

ती नळी बाईंनी मलाच दिली. दुकानात वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब, वरच्या खुंटीवर असते. सध्या तिच्यात मी स्वतः काढलेला पहिला नकाशा आहे, मोठ्या पेटीचा. रेघा थोड्या वाकड्या आल्यात. खाली कोपऱ्यात चौकोन आहे, वर लिहिलंय 'रैनाबाईचं म्हणणं'. रविवारी जाऊन विचारणार आहे. तोवर पत्रा कापलेला नाही.