समासातली आई

तारीख १२ जानेवारी २०२५, रविवार. रक्कम तेराशे पस्तीस रुपये साठ पैसे. हजर माणसं चार: माझे वडील, मी, माझी मुलगी आणि मंद्रूपच्या वाचनालयातल्या बाई.

रक्कम दंडाची. वडिलांनी गावच्या या वाचनालयातून एक कादंबरी नेली होती, ती १९ जून १९८८ ला परत करायची होती. दिवसाला दहा पैसे. हिशेब मीच केला होता, लीप वर्षं धरून.

कादंबरी रानात राहणाऱ्या कुटुंबाची, आजोबापासून नातीपर्यंत. वडील वनखात्यात रखवालदार होते, माळरानावर. आईला वाचता येत नसे. संध्याकाळी वडील तिला दोन-चार पानं वाचून दाखवत आणि लेखकाचं चुकलं की समासात पेन्सिलीने दुरुस्ती करत. ‘टिटवी झाडावर घरटं करत न्हाय. उघड्या माळावर अंडी घालती.’ मग आईचं म्हणणंही समासात येऊ लागलं. ‘ही म्हणाली, सून उपाशी निजली हे सासूला कळलं कसं न्हाय?’ लांडगा पोटातलं ओकून पिलांना भरवतो, त्या पानावर होतं, ‘हे बरोबर. ही म्हणाली, तुमीबी पगारादिवशी असंच करता.’

पुढे सुट्टीत ते माझ्या मुलीला वाचून दाखवू लागले, समासासकट. तिसरीत असताना तिने वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा रानातल्या माणसांना मधूनमधून ओरडणारी एक आजीही त्या गोष्टीत होती. आई तेव्हा हयात होती. लई हसली.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. डिसेंबरात वाचनालयाच्या बाईंचा फोन आला की जुनी नोंदवही तपासताना वडिलांचं नाव निघालं. मी वडिलांना म्हणालो, "पुस्तक नेलं होतं तसं परत द्यायला हवं." एवढंच. मग मी ऑफिसला गेलो.

त्याचं काय झालं ते मंद्रूपला जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी कळलं. मुलगी पुण्याहून आली, वडिलांच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा! हे काय करताय?"

वडील खाटेवर बसले होते. मांडीवर कादंबरी, हातात मुलीच्याच जुन्या कंपासपेटीतला खोडरबर. चादरभर काळपट चुरा. तीन दिवस ते एकेक पान साफ करत होते. एकशे चाळीस पानं झाली होती, बहात्तर राहिली होती.

"अहो, आजीचं बोलणं आहे ते!"

"मला म्हाईत न्हाय व्हय? मीच लिवलंय की." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा म्हणला, नेलं तसं द्यायचं. नेलं तवा कोरंच होतं ते."

मुलगी माझ्याशी बोलली नाही. जेवतानाही नाही. पुस्तक उशाशी घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपला जाताना गाडीत तिने एकच वाक्य उच्चारलं, "मी ते देणार नाही." वडील म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू हाय ती, बाळा."

बाईंनी पुस्तक चाळलं. एकशे एक्केचाळीसाव्या पानावर थांबल्या, वाचलं, हसल्या, पुढचं पान उलटलं. मी पाकीट काढून दंडाचा आकडा सांगितला.

"अहो, एवढा दंड कुठं घेतो आम्ही," त्या म्हणाल्या. "पुस्तक हरवलं तर किमतीच्या दुप्पट घेतो. किंमत अठ्ठावीस. हरवलं लिहू का? मग पुस्तक तुमचंच."

"हरवलं कसं? तुमच्या हातात हाय की," वडील म्हणाले. "खोटं न्हाय लिवायचं."

खोटं लिहू नये हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मुलीने पुस्तक बाईंच्या हातून घेतलं, पहिलं पान उघडून वडिलांपुढे धरलं. "आबा, इथं आजी काय म्हणाली होती?"

वडिलांनी चष्मा पुसला. पान लांब धरलं, जवळ आणलं. "हितं... हितं ती म्हणाली..." त्यांना आठवेना.

"मग हरवलंय की, आबा."

त्यांनी त्या कोऱ्या समासावरून बोट फिरवलं. "व्हय," म्हणाले. "लिवा, हरवलं." आणि वहीत सही केली.

परत येताना मुलीने आमच्या शहरातल्या नवी पेठेत गाडी थांबवायला लावली आणि पेन्सिल आणली. घरी पोचेपर्यंत वडिलांना नऊ ठिकाणचं आठवलं होतं. बावन्नाव्या पानावरचं एक मलाही आठवलं.

वाचनालयाला छप्पन्न रुपये दिले, वडिलांनी, स्वतःच्या पेन्शनमधून. मला देऊ दिले नाहीत. पेन्सिलीचे पाच रुपये मी मुलीला दिले. तिने ते घेतले.