मूर्ती सोडून पडलेलं ऊन

आबा गमरे जन्मभर गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती त्यांनी ओळंब्यात उभ्या केल्या आणि बाळकुमच्या चाळीतलं बुद्धविहार मात्र रविवारी-रविवारी, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन, श्रमदानाने. त्यात एक चूक राहिली होती. तीस वर्षं ती त्यांनी पोटात ठेवली.

तरुणपणी त्यांनी लेण्यातलं चैत्यगृह पाहिलं होतं. दारावरच्या पिंपळपानी खिडकीतून ऊन थेट आतल्या स्तूपावर! माणूस खुळावलाच. आपल्या विहारालाही तशीच खिडकी करायची, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी ऊन मूर्तीच्या मुखावर पडलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण घाई नडली. सहा डिसेंबरचं अभिवादन करून आलेली सगळी मंडळी घरी होती, म्हणून लगेच आलेल्या रविवारी सकाळच्या उन्हाचा रोख धरून खिडकी बसवली. थंडीतला सूर्य वैशाखात उत्तरेकडे सरकतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात? पौर्णिमेला ऊन पडलं ते मूर्ती सोडून डावीकडे, बायकांच्या रांगेत. आबांनी लाजेने डोळे मिटले आणि पुढे दर पौर्णिमेला मिटलेलेच ठेवले. लोकांना वाटे, काय ध्यान लागतं माणसाचं!

आता विहार नव्याने बांधायचं ठरलं. आराखडा काढणार होती आबांची नात मृणाल, आर्किटेक्ट झालेली. आबांनी पहिल्यांदाच कोणाला तरी ती गोष्ट सांगितली.

"तेवढी खिडकी नीट कर गं. मग मी सुटलो."

बुद्धपौर्णिमेला वंदना संपल्यावर मृणालने टेप काढली. ऊन पडलं होतं तिथे रखमाबाई बसल्या होत्या, मृणालच्या वारलेल्या आजीच्या, मंजुळाबाईंच्या मैत्रीण.

"काय मापतेस गं?"

"खिडकी चुकलीय ना आजी. नव्या विहारात सरळ करायचीय."

"चुकलीय? अगं, या उन्हासाठी आम्ही लवकर येऊन जागा धरायचो. मंजुळा न् मी तर भांडलोय त्याच्यावरून. ती म्हणायची, चाळीत ऊन नाय येत, म्हणून ह्यांनी मुद्दाम आपल्या बायकांसाठी ठेवलंय. पण बोलायचं नाय हां, ह्यांना मिरवलेलं आवडत नाय."

पुढे बसलेल्या आबांना सगळं ऐकू आलं. ज्याची आपल्याला इतकी वर्षं लाज वाटली, त्याचाच मंजुळेला अभिमान होता. पौर्णिमेच्या सकाळी त्या उन्हात बसलेल्या बायकोकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"आबा, किती सरकवू खिडकी?" मृणालने विचारलं.

आबा उठून बायकांच्या रांगेपाशी आले.

"रखमाबाई," ते म्हणाले, "मंजुळा नेमकी कुठे बसायची, तेवढं दाखवा हिला."